नंबर प्लेट झाकल्याशिवाय छायाचित्र नको
दसऱ्याला घेतलेल्या नव्या गाडीचे, हार घातलेले छायाचित्र मित्राने पाठवले, तेव्हा ते इतरांना दाखवण्यापूर्वी मी नंबर प्लेटवर काळी पट्टी ओढली. ‘एमएच १२’वरून पुणे कळते, तेवढे ठीक, परंतु पूर्ण क्रमांक सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाकल्यास नोंदणीची तारीख आणि विम्याची मुदतही दिसते, आणि मालकाचे नाव तिथे अर्धवट झाकलेले असले, तरी छायाचित्राखाली अभिनंदन करताना आपणच ते पूर्ण लिहितो. काचेवरचा सोसायटीचा पार्किंग स्टिकर मला त्याहून धोक्याचा वाटतो, कारण तो थेट घरापर्यंत नेतो. धूसर केलेले अंक कधीकधी पुन्हा वाचता येतात, म्हणून पट्टी अपारदर्शकच हवी. मूळ फाइल पाठवायची असल्यास छायाचित्र कुठे काढले याची तिच्यातील नोंदही आधी काढून टाकावी.