किती किलो बसली असेल?

गोव्यात गाईडचं काम करणाऱ्याला ठरलेल्या प्रश्नांची सवय होते. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव परत कधी खाली उतरवणार? (दर 10 वर्षांनी उतरवतात.) मंगेशकरांचं मूळ घर कुठलं? दुपारी मासे कुठे चांगले मिळतील? त्या दिवशीच्या मंडळींनी मात्र यातलं काहीच विचारलं नाही. त्यांचा दिवसभर एकच प्रश्न होता: किती किलो?

कोल्हापूरकडच्या एका गावातली देवस्थान समिती होती. टेम्पो ट्रॅव्हलर भरून आलेली. सोबत हुपरीचे एक वयस्कर चांदीकाम करणारे कारागीर, त्यांना सगळे अण्णा म्हणत. पणजी सोडायच्या आतच खजिनदारांनी मला मुद्दा सांगून टाकला. गावातल्या जैन बस्तीत, म्हणजे जैनांच्या मंदिरात, चांदीचं सिंहासन बसलं होतं आणि लोक ते बघायला जात होते. आता यांच्या गाभाऱ्याला चांदीचं दार करायचं होतं. "नुसतं चांदीचं न्हाई गाईडसाहेब, दिसाया जड पायजे."

मी त्यांना आधी जुन्या गोव्यात नेलं. देवाच्या दारात श्रीमंती कशी मांडतात हे बघायचं तर बॉम जेझूपासून सुरुवात करावी, असं माझं मत. 1605 सालचं हे चर्च बाहेरून उघड्या जांभ्याचं, रापलेलं. आत शिरलं की समोर जमिनीपासून छतापर्यंत सोन्याची भिंत. मंडळी गप्पच झाली. मग खजिनदार हळूच म्हणाले, "हे सगळं सोनं?"

अण्णा डोळे बारीक करून बघत होते. "लाकूड हाय," ते म्हणाले. "कोरीव काम लाकडाचं, वर वर्ख. त्या कोपऱ्यात चिरलंय बघा. सोनं कवा असं चिरत न्हाई."

बरोबर होतं. तिथल्या वेदीवर मला नेहमी वाटणारी एक गंमतही मी त्यांना दाखवली. चर्च बाळ येशूचं, पण बाळ येशूची मूर्ती खाली, इवलीशी. तिच्यावर भलाथोरला पुतळा आहे तो जेझुइट संघाच्या संस्थापकाचा, इग्नेशियस लोयोलाचा. समितीतले एक तात्या लगेच म्हणाले, "आमच्यात देणगीदाराचं नाव असंच असतंय." खजिनदार हसले नाहीत.

उजव्या अंगाला झेवियरची समाधी. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ड्यूकनं, तिसऱ्या कोझिमोनं पाठवला. तो 1698 मध्ये इथे बसवला. बदल्यात ड्यूकला मिळाली होती संताच्या डोक्याखालची उशी. वरची चांदीची पेटी मात्र इथलीच, 1636-37 मध्ये गोव्यातल्या कारागिरांनी घडवलेली. ती इतकी उंच की खालून नीट दिसत नाही. कुणाकडे दुर्बीण होती ती अण्णांनी मागून घेतली, आणि मग बराच वेळ ती परत दिली नाही.

"राळेवर बसवून ठोकलंय," ते म्हणाले. "उलट्या बाजूनं उठाव दिला, मग पालटून सुलट्या बाजूनं रेषा मारल्या. आम्ही पालखीचा पत्रा करतो तसंच. ही वेल बघा, ही काय सायबाची वेल न्हाई."

अशा वेळी माझ्यातला गाईड गप्प बसत नाही. मी त्यांना 1567 च्या धर्मपरिषदेची गोष्ट सांगितली. गोव्यात भरलेल्या त्या परिषदेनं चर्चच्या पवित्र वस्तू घडवायचं काम हिंदू कारागिरांना द्यायला बंदी केली होती. देवळं पाडायची आणि त्याच देवळांच्या सोनारांकडून क्रूस घडवून घ्यायचे, हे कुणाला तरी खटकलं असणार. पण तसले हुकूम पुढेही निघत राहिले. हुकूम पाळला जात असता तर तो पुन्हा काढावा लागला नसता. हातात कसब होतं ते इथल्या शेटांच्या, म्हणजे सोनारांच्या. त्याच शतकाच्या सुरुवातीला रवळू शेट नावाचा गोव्याचा सोनार लिस्बनला, खुद्द पोर्तुगालच्या राजाकडे काम करून आला होता.

"आन् मजुरी?" अण्णांनी विचारलं. दिवसभरातला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच असावा.

जेवून फोंड्याकडे निघालो. वाटेत थोडक्यात सांगितलं: 1560 च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश रातोरात नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कारण फोंडा तेव्हा आदिलशहाकडे होता आणि तिथे पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता. आधी साधी देवळं होती. आजचा थाट 18 व्या शतकातला: पेशव्यांनी 1739 मध्ये मंगेशाला गाव इनाम दिलं, शांतादुर्गेला शाहू महाराजांच्या मंत्र्याचा, नारोरामांचा हात लागला. आणि गंमत अशी की ज्यांच्या भीतीनं पळून आलो त्यांच्यासारखंच बांधलं. शिखराच्या जागी घुमट, चर्चसारख्या कमानी, सभामंडपात हंड्या-झुंबरं, दारात घंटाघरासारखी उभी दीपमाळ. शेजाऱ्याचं वैभव डोळ्यांत भरलं की असंच होतं; आमच्या गाडीत तरी दुसरं काय चाललं होतं?

मंगेशीला चांदीकामापुढे खजिनदारांचा चेहरा खुलला. "हे बघा! ही खरी चांदी!"

"चांदी खरी हाय," अण्णा म्हणाले. हात लावायला मनाई, म्हणून ते कडेला वाकून, मान तिरकी करून चौकटीची धार बघत होते. पत्रा जिथे दुमडून मागे घेतात तिथे बारीक खिळ्यांची ओळ असते. ती त्यांनी मला बोटानं दाखवली. "पत्रा हाय. आत लाकूड."

"म्हंजे हितंबी लाकूडच?"

"मग? सगळं दार चांदीचं वतलं तर बिजागरी धरंल व्हय? आन् पुजाऱ्यानं उघडायचं कसं?"

खजिनदार दीपमाळेच्या कट्ट्यावर जाऊन बसले. पत्रा जाड घेतला तर वजन वाढेल, पण नक्षी नीट उठणार नाही, असं अण्णांचं म्हणणं. पातळ घेतला तर नक्षी देखणी होईल, पण बस्तीपेक्षा चांदी कमी भरेल. तात्यांनी मधला मार्ग सुचवला, तो कुणालाच पटला नाही. मला तर वाटलं आता दार राहतं.

मग खजिनदार एकदम उठले. "अण्णा, पत्रा पातळच घ्या. पर खाली पट्टीवर देणगीदारांची नावं घालतोय न्हवं, तितं सुरुवातीलाच वजन कोरायचं. किलो आन् ग्रॅम. बघणाऱ्याला कळलं म्हंजे झालं."

"चालंल," अण्णा म्हणाले. "अक्षरांची मजुरी येगळी पडंल."