तीनशेचा प्लॅन आणि चौऱ्याण्णवचा स्पीड

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात मी फायबरचं काम करतो, एका केबलवाल्या मालकाकडे ब्रॉडबँडची फ्रँचायजी आहे, त्याच्याकडे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे वायर ओढणं, पण अर्धा दिवस वानरांनी खांबावरून उड्या मारून तोडलेल्या ड्रॉप केबल, म्हणजे खांबावरून घरात जाणाऱ्या वायरी, जोडण्यात जातो आणि बाकीचा अर्धा "स्पीड येत नाही" या एका तक्रारीत. तिच्यामागे काहीही असू शकतं. मे महिन्यातली एक केस अशीच, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून राहिलो.

घर संत्र्याच्या बागवाल्याचं. समोर जुनी ओसरी, मधात अंगण, अंगणापलीकडे सुनेची खोली, दोन फूट जाड मातीच्या भिंतींची. सून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटायचा, समोरचे लोक अडकून राहायचे. कॉल सेंटरला फोन केला तर त्यांनी सांगितलं प्लॅन वाढवा, म्हणून शंभर एमबीपीएसचा तीनशेचा केला. तरी तेच. मग तालुक्याच्या दुकानदाराने चार अँटेनाचा राऊटर दिला, डब्यावर हे मोठ्ठं १२०० लिहिलेलं. तरी तेच.

मी पोचलो तर तिचे सासरे ओसरीत मोबाईल पुढे करून उभेच होते. "भाऊ, तीनशेचे पैसे भरतो न आमी, मंग चौऱ्याण्णवच काहून येते?"

९४ म्हटल्यावर माझं अर्धं काम तिथेच झालं. फायबर खराब असेल तर स्पीड कमीजास्त होतो, तुटतो, वाय-फाय कमजोर असेल तरी तेच, पण परत परत टेस्ट केली आणि दरवेळी ९४-९५ वरच येऊन थांबला तर कुठेतरी शंभरचं पोर्ट अडकलं आहे. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून डेटासोबतची हेडरबिडर वजा जाता एवढंच हाती उरतं.

आणि हे तीन ठिकाणी होऊ शकतं. पहिलं, कंपनीचा ओएनयू, म्हणजे घरात फायबर ज्याला जोडतात तो डबा. आपल्याकडे वाटतात त्यातल्या बऱ्याच ओएनयूला दोन लॅन पोर्ट असतात आणि त्यातलं एकच गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचं, असतं, दुसरं शंभरचं, वायर चुकीच्या पोर्टात गेली की संपलं. दुसरं, ओएनयू ते राऊटर ही हातभर वायर. गिगाबिटला आठही तारा लागतात, शंभरला चारमध्ये भागतं, आणि आमच्याच लाईनमधले काही लोक घाईत चारच तारा क्रिंप करून, म्हणजे टोकाच्या प्लगमध्ये दाबून, देतात, मला या कामचुकारपणाचा फार राग येतो, आठ तारा नीट लावायला दोन मिनिटं जास्त लागतात फक्त. तिसरं, राऊटरचं स्वतःचं पोर्ट.

मी आधी फायबरमधला सिग्नल मोजायचा पॉवर मीटर लावला, उणे १९ डीबीएम, मस्त, हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे २७ पर्यंत ओएनयू चालतो, पण उणे २५ च्या खाली गेलं की मी स्वस्थ बसत नाही. ओएनयूला लॅपटॉप लावला, २९० च्या वर. वायर बरोबर पोर्टात होती. बॅगेतली कॅट ६ लावून पाहिली, परत ९४. मग राऊटर उलटा केला. मागच्या पोर्टांची माहिती डब्याच्या एका बाजूला बारीक अक्षरात होती, १०/१००. तो १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, दोन्हींची बेरीज करून गोल केलेला आकडा, तोही फक्त हवेतला. मागून आत येणारी वाट शंभरची. चार अँटेना बघून माणूस पैसे देतो आणि खरी गोष्ट तिथे बारीक छापलेली, हे मला बिलकूल पटत नाही. दुकानदाराला माहीत नसेल तर त्याने विकू नये.

आमच्या ॲपप्रमाणे तक्रार इथे बंद होते. "ग्राहकाचा राऊटर" असा पर्याय निवडायचा, ओटीपी घ्यायचा, पुढच्या गावाला निघायचं. मी ओटीपी मागणारच होतो, पण एक गोष्ट खटकून राहिली होती. व्हिडिओ मीटिंगला ४-५ एमबीपीएस खूप झाले. ९४ येत असतील तर तिचा आवाज तुटतो कशाला?

म्हणून वहिनींना विचारलं, हे कधीपासून सुरू झालं. त्या म्हणाल्या, "थंडीत काहीच त्रास नव्हता भाऊ, एप्रिलपासून सुरू झालं."

मी त्यांच्या खोलीत जाऊन त्यांच्या खुर्चीवर बसलो. अंगणाकडे एकच खिडकी, आणि खिडकीला बाहेरून स्टँडवर कूलर लावलेला, पत्र्याची बॉडी, तिन्ही बाजूंनी ओलं गवत, खाली टाकीभर पाणी. मोबाईलवर वाय-फायचं ॲप उघडलं तर सिग्नल उणे ८४ डीबीएम, म्हणजे अगदी कमजोर. दोघांनी मिळून कूलर बाजूला सरकवला, उणे ६६! त्या मातीच्या भिंतीतून काही येतच नव्हतं, वर्षभर सिग्नल ओसरीतून अंगण ओलांडून त्या खिडकीतूनच येत होता. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी सिग्नल पितं, आणि एप्रिलमध्ये कूलर लागला की तो एकुलता रस्ता बंद.

आता विचार करा, मी ९४ चं बरोबर उत्तर देऊन निघालो असतो तर त्यांनी गिगाबिटवाला महाग राऊटर आणला असता, ओसरीत स्पीडटेस्टला २९० दिसले असते, सासरे खूश झाले असते आणि खोलीत मीटिंग तशीच तुटली असती. ५ गिगाहर्ट्झ तर भिंतीला २.४ पेक्षाही लवकर हार मानतं. कॉल सेंटर, प्लॅन विकणारा पोरगा, दुकानदार, कोणीही ती खोली पाहिली नव्हती. पैसे मात्र सगळ्यांनी घेतले.

मेच्या दुपारी आमच्याकडे ४५ पर्यंत जातं, कूलर काढा असं कोणाला सांगणार? मी ओसरीपासून वळचणीखालून लॅनची वायर तिच्या टेबलापर्यंत नेली, आठही तारा क्रिंप करून, आणि घरात पडून असलेला जुना सिंगल बँड राऊटर तिथे ॲक्सेस पॉइंट केला, म्हणजे तो फक्त वाय-फाय देणार, डीएचसीपी (आयपी पत्ते वाटायचं काम) बंद, वायर लॅन पोर्टात. लॅपटॉपला वायर, मोबाईलला वाय-फाय. कूलर फुल चालू ठेवून वहिनींनी ऑफिसच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला, एकदाही अडकला नाही.

मी काकांना सांगितलं, तीनशेची गरज नाही, शंभरवर परत या. ते म्हणाले, "डब्बा फोडला म्हून दुकानदार राऊटर वापस घेत नाही म्हन्ते, न् आता प्लॅनही उतरवू? दिवाळीले पोट्टे येतात, तवा लागन न बापा." मग तीनशेच ठेवायचा तर राऊटर कसा घ्यायचा ते मी त्यांना कागदावर लिहून दिलं. वॅन (नेट आत येणारं) आणि लॅन (घरातल्या वायरींचं) दोन्ही पोर्ट गिगाबिट, हे आधी, बाकी सगळं नंतर. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही, पाहिजेच. वाय-फाय ६ चा एएक्स १५०० मिळाला तर चांगलंच, पण त्याचा खरा फायदा मोबाईल-लॅपटॉपही वाय-फाय ६ चे असतील तेव्हा, नाहीतर गिगाबिट पोर्टचा, आधीच्या वाय-फाय ५ चा एसी १२०० तीनशेला पुरतो. अँटेना मोजू नका. ॲडॉप्टर १२ व्होल्टचा बघा, काही स्वस्त राऊटर ९ व्होल्टवर चालतात, आणि लाईन गेल्यावर मिनी यूपीएसवर ओएनयू आणि राऊटर दोन्ही चालवायचे तर १२ चे दोन आउटपुट आणि दोघांना पुरेल इतका अँपिअर पाहिजे. आणि टिनाच्या भिंतीला टांगू नका, बहुतेक राऊटरच्या कागदावर ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं, आपलं टिन मेमध्ये त्याच्या कितीतरी वर तापतं.

संध्याकाळी मालकाचा फोन, "गिऱ्हाइकाला प्लॅन उतरवायला तुला कोणी सांगितलं?" त्यालाही वरून टार्गेट आहे, मान्य. पण ज्या पैशाचा गिऱ्हाइकाला फायदाच मिळत नाही तो पैसा आपण घ्यायचा नाही, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं आणि अजूनही माझं तेच म्हणणं आहे. कनेक्शनच्या फॉर्मवर आधार नंबर असतो, ईमेल असतो, पण राऊटरचं पोर्ट कोणतं, काम कोणत्या खोलीत करता, भिंत मातीची की विटांची, यातलं काही नसतं. प्लॅन वाढवण्याआधी हे विचारायचं असा नियम करा म्हणून मी मागे लागलो आहे, त्याने अजून हो म्हटलेलं नाही. तोवर माझ्याकडे अपग्रेडचा फोन आला की मी तीन फोटो मागवतो, राऊटरच्या मागच्या पोर्टांचा, खालच्या लेबलचा, आणि जिथे बसून काम करता तिथून राऊटरच्या दिशेने काढलेला एक.