केशनळीचा व्यास : तिसरा रविवार

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलेला अंबाल्याचा ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप (स्क्रूनं सरकवून पट्टीवर अंतर वाचायचा सूक्ष्मदर्शक) आता चालतोय. स्क्रूमधलं वाळलेलं ग्रीस रॉकेलनं काढलं, शिवणयंत्राचं तेल सोडलं, झालं. मुख्य पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरची घरं, आणि व्हर्निअरची (तिच्याशेजारून सरकणाऱ्या छोट्या पट्टीची) 50 घरं त्यातल्या 49 घरांएवढी. म्हणजे लघुतम माप, वाचता येणारा सर्वांत छोटा फरक, 0.01 मिमी. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हेच यंत्र हाताळलं होतं, पण तिथे वही पूर्ण करायची घाई. कडेला नक्की काय दिसतं ते तेव्हा पाहिलंच नव्हतं.

मला 200 मिमी लांबीच्या काचेच्या केशनळीतून (अगदी बारीक भोकाच्या नळीतून) पाणी सोडून त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, काढायची आहे. त्या सूत्रात व्यास चौथ्या घातात येतो. साधारण 1 मिमीच्या नळीत 0.01 मिमी चुकलं की व्यासात एक टक्का, उत्तरात चार टक्के. म्हणून तीन रविवार नुसत्या भोकावर घालवले.

पहिल्या रविवारची रीडिंगं लाज वाटावी अशी: 1.04, 1.09, 0.98. एकच नळी, एकच टोक. 1.09 चं कारण लवकर सापडलं. कडेच्या पुढे गेलो होतो आणि स्क्रू उलटा फिरवून परत आलो होतो. जुन्या स्क्रूत बॅकलॅश भरपूर आहे, म्हणजे दिशा बदलली की तो आधी थोडा रिकामाच फिरतो. आता दोन्ही कडा डावीकडून उजवीकडे जातानाच घेतो, आणि पुढे गेलोच तर बराच मागे जाऊन पुन्हा येतो.

0.98 नं मात्र छळलं. मी क्रॉसवायरची, म्हणजे आयपीसमध्ये दिसणाऱ्या आडव्या-उभ्या तारांची, फुली बरोबर कडेवर ठेवत होतो. आडवी तार वर्तुळाच्या मध्यातून गेली नाही, तर आपण व्यास नाही, जीवा मोजतो. तार मध्यापासून 0.1 मिमी सरकली की 1.04 चे 1.02 होतात, 0.98 यायला पावणेदोन दशांश मिलिमीटर पुरतात. उपाय लाजिरवाणा सोपा निघाला. फुली विसरायची आणि उभी तार कडेला स्पर्शिकेसारखी टेकवायची. मग नळी थोडी वरखाली असली तरी फरक पडत नाही. फक्त आयपीस फिरवून ती तार सरकण्याच्या दिशेला काटकोनात लावून घ्या, आणि डोळा हलवल्यावर तार व प्रतिमा एकमेकांवरून सरकत नाहीत ना, तेही बघा.

काचेचं टोक आधी साफ हवं. कानशीनं ओरखडा पाडून मोडलेल्या टोकाला टवके असतात. सपाट काचेवर ओला बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासलं, तेव्हा कुठे गोल कड दिसली. मागून मोबाईलचा टॉर्च थेट लावू नका, कड फुलते. मध्ये ट्रेसिंग पेपर धरा. जाता जाता हिरव्या टोपीची 21 गेजची सुईसुद्धा तोडून मोजली. बाहेरून 0.82, आत आधी 0.47, बर (तोडताना आत वळलेली धार) काढल्यावर 0.52 मिमी. तोडलेल्या पोलादावर विश्वास ठेवायचा नाही, हा धडा.

दुसऱ्या रविवारी त्याच टोकावर आडवा व्यास 1.02, 1.03, 1.02, 1.03 आणि नळी 90 अंश फिरवून 1.06, 1.05, 1.06. म्हणजे भोक गोल नाहीच, किंचित लंबवर्तुळाकार आहे. सरासरी 1.04 धरली.

पडताळा हवा होता. पुस्तकातली रीत पाऱ्याची: पाऱ्याचा धागा मोजा, वजन करा. घरात पारा नको म्हणून पाणी घेतलं. नळी एकदा भरली की तिच्यात जेमतेम 0.17 ग्रॅम पाणी मावतं आणि माझा सोनारकाटा 0.01 ग्रॅमचा. तेव्हा दहा भरण्या एकाच बाटलीत फुंकल्या, मध्ये झाकण लावत. एकूण 1.66 ग्रॅम. त्यावरून व्यास 1.03 मिमी येतो. भिंतीला चिकटून राहणारं पाणी आकडा थोडा खालीच ओढणार, हे मान्य. तरी खटकलं, कारण वजन पूर्ण लांबीची सरासरी सांगतं आणि मायक्रोस्कोप फक्त टोकाची.

आज नळी उलटी धरून दुसरं टोक घासलं. चार दिशांची सरासरी 1.02. नळी एका बाजूला निमुळती आहे!

1.04 आणि 1.02 च्या मधले 1.03, वजनानं सांगितले तेवढेच. इतकं नेमकं जुळलं हा थोडा योगायोग, हुरळून जात नाही. पुढच्या रविवारी 100 मिमी उंचीच्या पाण्याचा दाब देऊन प्रवाह मोजणार. 25 अंशाला 1.03 धरून मिनिटाला 9.1 मिली यायला हवेत. पाण्याला वेग देण्यात जाणारा दाब वजा केला तर थोडे कमीच. नळी दोन्ही बाजूंनी लावून बघणार आहे.