तुम्ही विचारलंत म्हणून: फुकट का टाकता?

"बाई, पुस्तक विकायचं सोडून सगळं नेटवर फुकट का टाकता?" सोलापुरात हुतात्मा स्मृतिमंदिरातला कार्यक्रम असो की कुणाच्या घरचं लग्न, हा प्रश्न ठरलेला. परवा नव्या पेठेत भाजी घेतानाही आला. एकदा नीट सांगते.

शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवरचं माझं पुस्तक २०१६ साली निघालं. ५०० प्रती, छपाईचे पैसे माझेच. वर्षभरात शंभरही गेल्या नाहीत. तेव्हा सिद्धेश्वरांच्या यात्रेत, गड्ड्यावर म्हणजे तिथल्या जत्रेत, ओळखीच्या एका खेळणीवाल्याकडे टेबलापुरती जागा मागितली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साठीच्या एक बाई मुखपृष्ठावरचा माग बघून थांबल्या. विड्या वळून बोटं पिवळी पडलेली. "वाचून दाखवता का जरा?" त्यांचं मराठी तेलुगू वळणाचं. मी कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरणाऱ्या बायकांचं पान काढलं. मागून गर्दीचे धक्के बसत होते, तरी त्या हलल्या नाहीत. पान संपल्यावर म्हणाल्या, "आमच्या घरचंच लिवलंय की." मग पुस्तक उलटं करून किंमत बघितली. २५० रुपये. हजार विड्या वळल्या तरी तेवढी मजुरी त्या वेळी हातात पडत नव्हती, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पदरानं मुखपृष्ठ पुसलं, पुस्तक होतं तिथं ठेवलं. "पोरगा भिवंडीला असतो, त्याला दाखवलं असतं," असं म्हणून गेल्या.

मी का नाही दिलं? द्यायला हवं होतं, घेऊन जा म्हणायला हवं होतं. पण तेव्हा मी मानायचे की फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही. मुलांनाही वर्गात तेच शिकवलं. आणि छपाईचं बिल खोटं नव्हतं, त्यातली शेवटची रक्कम अजून द्यायची होती. त्या दिवशीची मी पूर्ण चुकीची होते असं आजही म्हणवत नाही. पण त्या बाईंचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

मग नेटवर टाकायचं ठरवलं. मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होता. तो चिकटवला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसायचा, आणि असा मजकूर गूगललाही सापडत नाही. म्हणून युनिकोडमध्ये एकेक पान पुन्हा टाइप केलं. दर रविवारी एक विषय, त्याला साधं सरळ शीर्षक: 'कांडी म्हणजे काय', 'धोटा कसा चालतो'. फेसबुकवरचं लिखाण दोन दिवसांत खाली जातं. स्वतःच्या पानावरचं राहतं. तीन वर्षांनी कुणी 'सोलापूर माग कांडी' असं शोधलं तरी ते समोर येतं.

तसंच एका भिवंडीकराला सापडलं. त्यानं लिहिलं, "बाई, कांड्या फक्त बायका भरत नव्हत्या. शाळा सुटली की आम्ही पोरंही भरायचो, रात्री उशिरापर्यंत." हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. ती पोरं माझ्याच वर्गात पेंगायची आणि मी त्यांना बाकावर उभं करायचे. चाळीस वर्षं मागावर गेलेल्या माणसाची मी मुलगी, आणि माझ्या पुस्तकात ती पोरंच नव्हती. छापलेल्या प्रतींत आता काही करता येत नाही. नेटवरचं पान त्याच रात्री दुरुस्त केलं.

यानं पुस्तकं खपतात का? गेल्या वर्षी ४१ गेली. त्यातली किती नेटमुळे, सांगता येणार नाही. यजमान म्हणतात, सगळं वाचायला मिळतंय तर विकत कोण घेईल? त्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. आणि खरं सांगायचं तर 'सगळं' मी टाकलेलंच नाही. वडिलांवरची शेवटची दोन प्रकरणं मागं ठेवलीत, ती पुस्तकातच आहेत. त्या बाईंना ती तरी मोफत मिळायला नकोत का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारते. दर शनिवारी रात्री ती फाइल उघडते आणि बंद करते.

या रविवारी कांड्या भरणाऱ्या पोरांचं पान येईल. तुमच्यापैकी कुणी भरल्या असतील तर लिहा, मी त्यात घालेन.