साडेतीन इंची क्वाड: उपग्रह सापडले, आता ग्रॅम शोधतोय

चोर सापडला! मागच्या पोस्टमध्ये माझ्या क्वाडच्या (चार पंख्यांच्या छोट्या ड्रोनच्या) जीपीएसला उपग्रह सापडत नाहीत असं रडगाणं लावलं होतं, त्याचा निकाल लागलाय. तेव्हा ‘जीपीएस मॉड्यूल बदल’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं, मॉड्यूल निर्दोष सुटलंय.

लक्षणं तीच. गच्चीवर नुसत्या यूएसबीवर १८-२० उपग्रह, आणि लिपो बॅटरी जोडली (कॅमेरा, व्हिडिओ तेव्हाच चालू होतात) की घसरत घसरत ६, कधी ४. रेस्क्यूला (संपर्क तुटला तर क्वाडने आपोआप परत यायची सोय) बेटाफ्लाइट हे उड्डाणाचं सॉफ्टवेअर किमान ८ मागतं, त्यामुळे क्वाड आर्मच व्हायला, म्हणजे मोटर चालू करायलाच, तयार नाही.

पहिला संशय साहजिकच व्हीटीएक्सवर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र गॉगलकडे पाठवणाऱ्या ट्रान्समीटरवर. पॉवर २५ मिलीवॉटवर आणली, ढिम्म फरक नाही. एलआरएसची (रिमोटच्या रेडिओ लिंकची) टेलिमेट्री पॉवर, म्हणजे क्वाडकडून रिमोटला माहिती पाठवण्याची ताकद, उतरवली, तेच. मग पुरवठ्यातल्या नॉइजवर खापर फोडून जीपीएसला वेगळ्या बीईसीवरून (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटवरून) ५ व्होल्ट दिले. आकडा जागचा हलेना. शेवटी वैतागून व्हीटीएक्स चालू ठेवून फक्त कॅमेऱ्याची रिबन (त्याला व्हीटीएक्सशी जोडणारी चपटी केबल) काढली. गॉगलमध्ये अंधार, पण बेटाफ्लाइटच्या कॉन्फिगरेटरमध्ये उपग्रह ७, ११, १५! म्हणजे ट्रान्समीटर बिचारा गुपचूप आपलं काम करत होता, बोंब मारत होती ती रिबन.

कारण कळल्यावर सोपं वाटतं. कॅमेऱ्याकडून व्हीटीएक्सकडे प्रचंड वेगाने डेटा जातो आणि त्याचा कचरा १५७५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे जीपीएसच्या फ्रिक्वेन्सीच्या, आसपासही सांडतो. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत −१३० डीबीएमच्या घरात, म्हणजे अगदी क्षीण असतो, त्यापुढे एवढासा कचराही भारी पडतो. त्यात आपल्या फ्रेममध्ये रिबन बरोबर जीपीएसच्या पोटाखालून जाते.

उपाय: आधी रिबनला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी), वर तांब्याची टेप. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त टेपचा गोंद वीज वाहून नेत नाही, त्यामुळे एकावर एक गुंडाळलेले पदर आतून सुटेच राहतात. प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका द्यावा लागतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवायचं, मनात ‘एक’ म्हणायचं, उचलायचं; जास्त रेंगाळलात तर आतली रिबन गेली. इथे ६३/३७ (कथील-शिसं) शिवाय दुसरं सोल्डर हातात घेऊ नका, लेड-फ्रीवाल्यांनी माफ करावं. शेवटी एक केसाएवढी वायर व्हीटीएक्सच्या ग्राउंड पॅडला. कॅमेरा चालू, आकडा १३. टीपीयूचा (लवचिक प्लॅस्टिकचा) छोटा मास्ट, म्हणजे खांब, लावून मॉड्यूल ३ सेंटिमीटर वर उचललं, १७. त्या संध्याकाळी चहा दोनदा झाला.

जाता जाता: फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार ड्रोन आयात बंद, सुटे भाग चालू, म्हणून आपण सगळे सुट्या भागांच्या विक्रेत्यांच्या दारात. त्यातल्या एकाने मला एम१० चं (नव्या पिढीच्या जीपीएस चिपचं) स्टिकर लावून जुनं एम८ पाठवलं होतं. पार्सल आल्या आल्या बेटाफ्लाइटच्या सीएलआयमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘स्टेटस’ टाकून व्हर्जन बघा, मगच वायर कापा.

आता नवं दुखणं. टेप आणि मास्टने वजन २४६ वरून २५२ ग्रॅमवर गेलं, आणि नॅनोची (नियमांतल्या सगळ्यात हलक्या ड्रोन वर्गाची) हद्द २५०. स्टीलचे स्क्रू काढून अॅल्युमिनियमचे लावतोय, एक्सटी३० च्या (बॅटरीच्या कनेक्टरच्या) वायरीही उगाच लांब आहेत. बझर काढा म्हणू नका, गवतात पडलेलं क्वाड शोधून बघा एकदा. पण थांबा, लिहिता लिहिता सुचतंय: मास्टच कशाला हवा? मॉड्यूलखाली तांब्याचा चौकोनी पत्रा ग्राउंडला जोडून ठेवला, तर रिबन आणि अँटेनामध्ये भिंतच उभी राहते. मास्टपेक्षा हलकाही पडेल. आधी हेच करून बघतो, स्क्रू नंतर.

पत्र्यावर आकडा १४ च्या वर टिकला तर रविवारी माळावर रेस्क्यूची चाचणी. उंची ३० मीटर, अंतर बेताचं, स्विचवर बोट. ब्लॅकबॉक्स लॉग (उड्डाणाची नोंद) टाकतोच.