पट्ट्याचं सातवं भोक

कमरेचा पट्टा विकत आणला की त्याला पाच भोकं असतात. माझ्या पट्ट्याला सात आहेत. आतली दोन नागपुरात बर्डीच्या बाजारात फुटपाथला बसणाऱ्या मोच्याने पाडून दिली, दहा-दहा रुपयांना. आरी टोचता टोचता तो म्हणाला, "लय बारीक झाले न जी भाऊ! शुगर-बिगर निघाली काय?" एवढी मोठी दाद मला आयुष्यात कोणी दिलेली नाही. मी त्याच्या हातावर पन्नासची नोट ठेवली आणि उरलेले परत मागितले नाहीत.

ज्या भोकात बक्कल रोज अडकतं तिथे चामड्याला आडवी सुरकुती पडते आणि भोक जरा लांबटतं. माझ्या पट्ट्यावर तिसऱ्या भोकाशी खोल सुरकुती आहे आणि सातव्याशी बऱ्यापैकी ठळक. मधली जवळपास कोरी. तिथून मी जाताना घाईत गेलो आणि येताना त्याहून घाईत आलो. सध्या मुक्काम पुन्हा तिसऱ्यावर. पट्ट्याचं जे टोक मधल्या काळात कमरेला वळसा घालून पार मागे जायचं, ते आता पहिल्या लुपीत शिरतानाच धापा टाकतं.

वजनाच्या आकड्यांत सांगायचं तर ८६ किलोवरून ७४ आणि ७४ वरून ८३. बारा गेले, नऊ परत आले. माझी उंची पाच फूट सहा इंच. आपल्याकडचे डॉक्टर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या आत ठेवा म्हणतात, त्या हिशेबाने मी ६४ किलोचा असायला हवा. ६४ किलोचा मी आहे, पण लग्नाच्या अल्बममध्ये.

ते बारा किलो उतरवताना मी गाजावाजा फार केला, हे आता कबूल करायला हरकत नाही. पहाटे अंबाझरी तलावाला चार फेऱ्या, चहा बिनसाखरेचा, भात अर्धी मूद. तर्री पोहे बंद. नागपूरच्या माणसाने तर्री पोहे सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजावून सांगता येत नाही. पोह्यांच्या ढिगावर चण्याची लालभडक तर्री पडते, पोह्यांतून खाली झिरपते, प्लेटच्या कडेला तेलाची नारिंगी रेघ उठते, वरून कच्चा कांदा आणि सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर. तुमचं ते इडलीबरोबरचं वेगळं.) एकदा ऑफिसच्या मित्रांसोबत गाडीवर गेलो आणि बिनातर्रीचे मागितले. पोहेवाल्याचा डाव हवेतच थांबला. "बिनातर्रीचे? मंग घरीच खा न भाऊ."

चौतीस कमरेच्या नव्या पँटी शिवल्या. अडतीसच्या जुन्या सगळ्या बायकोच्या हवाली करून म्हटलं, देऊन टाक, आता या जन्मात लागत नाहीत. त्या वेळी मी जिन्यावर दोन-दोन पायऱ्या चढत होतो, त्यामुळे तोंडी मोठी भाषा होती.

मग नोव्हेंबरात अमरावतीला भाचीचं लग्न निघालं. तीन दिवसांनी परत आलो तर काटा दोन किलो वर. इथे माझं गणित चुकलं. शरीर साखर साठवून ठेवतं ती पाण्यासकट, एका ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून. म्हणून डाएट सुरू केलं की पहिल्या आठवड्यात दोन किलो धडाक्यात उतरतात आणि लग्नाचं जेवण जेवलं की तितक्याच धडाक्याने परत येतात. ती चरबी नसते, निम्म्याहून जास्त पाणीच असतं. चार दिवस नेहमीसारखं जेवलो असतो तर ओसरलं असतं. मला हे माहीत नव्हतं. मी काट्याकडे बघून म्हणालो, गेलंच सगळं पाण्यात. ते तसं खरंच पाण्यात होतं, पण वेगळ्या अर्थाने.

एकदा गेलंच म्हटलं की पुढची सोय नागपूर करतं. थंडीत हुरडा आणि वांग्याचं भरीत. उन्हाळ्यात आमरस आणि कुरडया, त्यात सकाळी सातलाच ऊन असं की अंबाझरीला जाणारा माणूस परत येईल याची खात्री नाही. पावसाळ्यात पुडाची वडी. दर वेळी मी नवा मुहूर्त काढत होतो: संक्रांत झाली की, पाडव्यापासून, पाऊस पडला की. सोमवार तर किती येऊन गेले.

काट्यावर मी बराच काळ अविश्वास दाखवला. त्याला आधार होता. २०२४ च्या मेमध्ये आपल्या नागपुरात एका स्वयंचलित यंत्राने तापमान चक्क ५६ अंश दाखवलं होतं, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलाय. माझाही सेन्सर बिघडू शकतो. मी सेल बदलले, काटा बेडरूममधून स्वयंपाकघरातल्या फरशीवर नेला, एकदा चश्मा काढून ठेवून उभा राहिलो. फरशीवर तो २०० ग्रॅम जास्तच दाखवायचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला गेलो. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, आणि एवढ्या वर्षांत तिच्या नावाने काय काय म्हणून लोकांनी शहराबाहेर घालवलं नसेल: रोगराई, महागाई, भ्रष्टाचार. इतवारीच्या गर्दीत लोक ओरडत होते, "इडा-पीडा घेऊन जा गे मारबत!" मीही हळूच पुटपुटलो, नऊ किलो घेऊन जा गे मारबत. आणि परतताना पाटोडी-रस्सा खाल्ला. तीही बिचारी किती ओझं नेणार.

अंबाझरीला मात्र जात नव्हतो. लोक समजतात, डाएट पुन्हा सुरू करायचं तर अडचण भुकेची. भुकेचं काय, ती पाणी पिऊन अर्धा तास गप्प बसते. अडचण ओळखीच्या माणसांची. चार फेऱ्यांत ज्यांना मी कडधान्यांवर व्याख्यानं दिली होती, ते सगळे तिथे रोज फिरत होते आणि माझ्या पोटाकडे बघणार होते. एक जण भाजी बाजारात सापडलाच. "काय भाऊ, दिसूनच नाही राहिले आजकाल?" मी म्हणालो, गुडघा. त्याने गुडघ्याकडे न बघता नेमकं जिथे बघायचं तिथे बघितलं.

सप्टेंबरात ऑफिसातल्या एकाचा निवृत्तीचा कार्यक्रम होता. चौतीसची पँट मांडीपर्यंत गेली आणि पुढे यायला तयार नव्हती. मी पलंगावर आडवा पडून, श्वास रोखून प्रयत्न करत होतो. बायकोने दारातून पाहिलं, काही बोलली नाही, दिवाण उघडला आणि जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं. आत माझ्या अडतीसच्या पँटी. डांबरगोळ्यांच्या वासासकट.

"या तू दिल्या नव्हत्या?"

"ठेवल्या होत्या बाजूला. लागल्या तर लागल्या."

त्या बसल्या. अगदी छान बसल्या, राग त्याचाच आला. आठ महिने मी घाम गाळत होतो आणि ही माझ्या पराभवाची घडी घालून ठेवत होती! संध्याकाळी मी तणतणत म्हणालो, मग त्या चौतीसच्या कशाला ठेवल्यात, कपड्यांवर भांडी देणारी बाई येते न, देऊन टाक तिला. ती बरं म्हणाली. आठवडाभरात स्वयंपाकघरात स्टीलचा नवा डबा आला, आणि त्यात भाजलेले फल्लीदाणे भरले गेले.

हे फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, महत्त्वाचे आहेत. रात्री साडेनऊच्या बातम्या बघताना मूठभर दाणे आणि गुळाचा खडा ही माझी सवय. डाएटमध्ये ती सुटली होती, लग्नानंतर परत आली, आणि ती मी कधी खाण्यात धरलीच नाही. एके रात्री मुलगी मोबाइलवर काही वाचून दाखवत होती. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली छापलंय म्हणे की वजन उतरवलेल्या माणसांची भूक वाढवणारी हार्मोन्स वर्षभरानंतरही पूर्वपदावर आली नव्हती. मला फार बरं वाटलं. म्हणजे माझा दोष नाही, शरीर उधारी वसूल करतंय. मग तीच म्हणाली की एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. नऊ किलो, म्हणजे ६९,३००. दहा महिने झाले, तीनशे दिवसांनी भागा. रोजच्या २३१.

दोनशे एकतीस! भाचीचं लग्न, हुरडा, आमरस, पाटोडी या सगळ्यांना मी दहा महिने आरोपी करून ठेवलं होतं, आणि हिशेब निघाला रोजच्या दोन तेल लावलेल्या पोळ्यांइतका. मुलीने माझ्या मुठीतले दाणे बायकोच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायला लावले. ४० ग्रॅम. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, तेव्हा चाळीसच्या झाल्या सव्वादोनशे. गूळ वेगळा. मी हातातल्या दाण्यांकडे बघत राहिलो. लग्नातल्या जिलबीसाठी वजन वाढलं असतं तर काही इज्जत तरी होती.

त्या रात्री मुहूर्त वगैरे काही नव्हता. भाद्रपद, बहुधा बुधवार. दाणे डब्यात परत टाकले, आणि आता साडेनऊला करायचं काय हे सुचेना म्हणून चपला घालून खाली उतरलो. त्रिमूर्तीनगरच्या आमच्या गल्लीला रात्री फक्त कुत्री असतात. ती पहिल्या फेरीला भुंकली, तिसरीला एक शेपूट हलवत मागे आलं. त्यांना मी ७४ चा असताना पाहिलेलं नाही, हा मोठा फायदा. तेव्हापासून बातम्यांची वेळ गल्लीत जाते. देशात काय चाललंय ते कळत नाही, झोप बरी लागते. पोहे तर्रीसकट खातो, पंधरा दिवसांतून एकदा, त्या गाडीवाल्याची इज्जत राखून.

काटा आता ८०.६ दाखवतो, फरशीवर. पट्टा तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे अडलाय. तिसऱ्यात सैल, चौथ्यात जेवण झाल्यावर त्रास. मोच्याकडे गेलो की मधे एक पाडून दे, तर त्याने पट्टा उलटसुलट करून परत दिला. "मधात पाडलं तर फाटून जाईन न भाऊ. थोडे दिवस थांबा, नाही तर जेवण करून राहू नका." थांबतो आहे.

परवा गारठा पडला म्हणून रजई काढायला मी स्वतः दिवाण उघडला. रजईखाली गाठोडं होतं, आणि त्याच्या शेजारी, त्याच साडीच्या दुसऱ्या तुकड्यात, आणखी एक. सोडून पाहिलं तर चौतीसच्या पँटी, सगळ्या. दोन्ही गाठोड्यांत डांबरगोळ्या नव्या टाकलेल्या होत्या.

मग तो स्टीलचा डबा कशावर आला, ते मी विचारलेलं नाही. माझा तपकिरी स्वेटर मात्र कुठे दिसत नाहीये.