बॉस्टन कॉमनमधील ती बाई आणि तिच्या हातातील फोन

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर, एका संध्याकाळी बॉस्टन कॉमन या बागेतून घरी परतत असताना दोन पोलीस एका तरुणाला बाकाजवळ उभे करून त्याची चौकशी करताना दिसले. पोलीस दिसले की नजर खाली घालून बाजूने निघून जावे, ही लहानपणापासूनची सवय असल्याने मी पुढे गेलो आणि बऱ्याच अंतरावर जाऊन थांबलो. माझ्या मागून येणारी एक वयस्कर बाई मात्र तिथेच थांबली, तिने हातातील पिशवी खाली ठेवली, फोन छातीशी उंच धरला आणि चित्रीकरण सुरू केले. पोलिसाने मागे सरायला सांगताच ती चार पावले मागे सरली. फोन मात्र तिने खाली घेतला नाही. थोड्या वेळाने पोलिसांनी त्या तरुणाला जाऊ दिले. निघताना बाईने त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली, ती कशाची हे मला तेव्हा कळले नाही.

त्या बाईला हा अधिकार कुठून मिळाला, हे शोधताना मी पुन्हा त्याच बागेत येऊन पोहोचलो. ऑक्टोबर 2007 मध्ये सायमन ग्लिक या वकिलाने इथेच, एका तरुणाला अटक करताना पोलीस जास्त बळ वापरत आहेत असे वाटून, सुमारे दहा फुटांवरून मोबाइलवर चित्रीकरण केले. आवाजही मुद्रित होतो आहे हे कळताच पोलिसांनी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या, चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाविरुद्धच्या कायद्याखाली त्यालाच अटक केली. त्याच्यावरील आरोप टिकले नाहीत. त्याने उलट दावा लावला आणि ऑगस्ट 2011 मध्ये इथल्या संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला की सार्वजनिक जागी कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसांचे चित्रीकरण करणे हा अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने (अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारे कलम) दिलेला अधिकार आहे. पुढच्या वर्षी बॉस्टन शहराने त्याला 1,70,000 डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

यातील मर्म असे की ग्लिकने फोन सर्वांना दिसेल असा धरला होता. याच राज्यात, रस्त्यावर अडवलेल्या गाडीतून पोलिसांचे बोलणे लपून मुद्रित करणाऱ्या एका चालकाची शिक्षा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये कायम ठेवली होती. सार्वजनिक जागी काम करणाऱ्या पोलिसांचे गुपचूप केलेले मुद्रणही संरक्षित आहे, असे अपील न्यायालयाने म्हणायला डिसेंबर 2020 उजाडला. इतर राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर अजून थेट निकाल दिलेला नाही. म्हणून फोन उघडपणे धरणे हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

या अधिकारात पोलिसांच्या कामात आडवे येण्याची मुभा नाही. मागे सरा म्हटले तर सरावे, वाद घालू नये, पण चित्रीकरण चालू ठेवावे. अटक झाली तरी फोनमधील मजकूर तपासण्यासाठी पोलिसांना न्यायालयाचे वॉरंट लागते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये एकमताने ठरवले आहे. चित्रफीत पुसून टाकण्याचा हक्क तर त्यांना नाहीच. (विमानतळावरील सीमातपासणीला मात्र हा वॉरंटचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, हे इथे येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

आपल्यासारख्या व्हिसावर राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मला सर्वांत अधिक छळत होता. पहिल्या दुरुस्तीच्या मजकुरात ‘नागरिक’ हा शब्दच नाही, आणि तिचे संरक्षण इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही मिळते. तरीही जोखीम सारखी नाही. व्हिसाच्या अर्जात पूर्वी कधी अटक झाली होती का, असे विचारलेले असते आणि आरोप मागे घेतले गेले असले तरी खरे उत्तर द्यावे लागते. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याने न थांबता पुढे जाणे पसंत केले, तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही.

मी स्वतः मात्र आता थांबायचे ठरवले आहे. 25 मे 2020 रोजी मिनिअ‍ॅपोलिसमध्ये पोलिसांनी पकडलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात एका पोलीस अधिकाऱ्याने त्याच्या मानेवर रोवलेल्या गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. तो जगाला दिसला तो पदपथावर उभ्या असलेल्या डार्नेला फ्रेझर या 17 वर्षांच्या मुलीने धीटपणे केलेल्या चित्रीकरणामुळे, आणि पुढील वर्षी त्या पोलीस अधिकाऱ्याला खुनाबद्दल दोषी ठरवले गेले.

काही आठवड्यांनी ती बाई मला त्याच बागेत पुन्हा भेटली, तेव्हा मी चिठ्ठीबद्दल विचारले. तीवर तिने आपला फोन नंबर लिहिला होता. ती म्हणाली, “पुढे त्याला कुठे दाद मागावीशी वाटली, तर चित्रीकरण कोणाकडे आहे हे त्याला ठाऊक असायला हवे.”